सत्त्व आणि चोथा : घरगुती बिअरच्या गाळणीचा इतिहास

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा एखाद्या जुन्या धंद्याचा इतिहास लिहून द्यावा अशी सूचना केली, तेव्हा प्रस्तुत लेखकाने निवडलेला विषय ऐकून आमच्या एका वडीलधाऱ्या सभासदांच्या कपाळास आठ्या पडल्या. ते म्हणाले, "अहो, माडीच्या मडक्यापासून मुलांचे हात सोडवून त्यांच्या हाती पाटी-पुस्तक द्यावे म्हणून आपल्या वडिलांनी ही संस्था काढली. आता तुम्ही स्मरणिकेत बिअर गाळण्याची पिंपे घेऊन येणार काय?" आक्षेप आपुलकीचा होता आणि योग्यही होता. म्हणून त्याचे उत्तर आरंभीच देतो.

हा लेख मद्यपानाची भलामण नव्हे. मुंबई राज्यात १९४९ साली झालेला दारूबंदीचा कायदा आज महाराष्ट्राचा कायदा म्हणून चालू आहे आणि परवान्यावाचून घरी मद्य तयार करणे हा त्याखाली गुन्हा आहे, हे प्रत्येक कुटुंबाने ध्यानात ठेवावे. येथे सांगावयाची आहे ती एका गृहविद्येची कथा. ही विद्या घरात जन्मली, घरातून गेली आणि पुढे परक्या माणसांना बादल्या व नळ्या घेऊन पहिल्यापासून शिकावी लागली. ज्या ज्ञातीच्या हातची जुनी कसबे दोन पिढ्यांत विसरली गेली, तिला या कथेत स्वतःचे काही सापडेल असा माझा विश्वास आहे.

आपल्या कोकणपट्टीत माडाची पोय छेदून जो रस मिळतो, त्यात साखर आयतीच असते. निसर्गाने ती तयार करून मडक्यात टाकलेली असते आणि काही घटकांत रस आपोआप फसफसू लागतो. थंड मुलुखांत माड नाहीत, तेथे धान्य आहे. धान्यात साखर नसते, पीठ असते. ते पीठ साखर व्हावे म्हणून जव भिजवून, मोड आणून, वाळवून घेतात. यालाच माल्ट म्हणतात. आपल्या घरी बाळासाठी नाचणीचे सत्त्व करताना आजी नाचणीला मोड आणून वाळवीत असे, तिची कृती आणि ही कृती मुळात एकच. मोड येताना धान्यात विकर नावाची द्रव्ये सिद्ध होतात. पुढे त्या माल्टची भरड सुमारे ६५ ते ६८ अंश सेल्सिअस उष्णतेच्या पाण्यात तासभर ठेवली की ही विकरे पिठाची साखर करतात आणि पिंपात गोड, दाट लापशी तयार होते.

खरा प्रश्न येथून पुढे सुरू होतो. या लापशीतून गोड रस काढून घ्यावयाचा आणि चोथा मागे ठेवावयाचा. वाचक म्हणतील, यात कठीण ते काय? फडक्यात बांधून पिळावे, जसा कुरडयांसाठी गव्हाचा चीक आपण काढतो. शेर-दोन शेर मालास फडके पुरते. मण दोन मण मालास मात्र पुरत नाही. बारीक पीठ आणि चिकट द्रव्ये कापडाच्या विणीत बसतात आणि काही क्षणांत कापडाची भिंत होते. मग हा रस गाळतो कोण? तो गाळते जवाचे तूस. जे तूस आपण पाखडून उकिरड्यावर टाकतो, तेच पिंपाच्या तळाशी एकावर एक बसून असा थर रचते की त्यातून रस वाहतो आणि गाळ अडतो. खालची जाळी रस गाळीत नसते. ती केवळ तुसाला धरून ठेवते. एवढी एक गोष्ट समजली की या विषयाचा सारा इतिहास समजतो.

म्हणूनच माल्ट दळीत नाहीत, भरडतात. जात्याचे तोंड मोठे ठेवून भरड काढावी, तशी दाण्याच्या आतील पीठ मोकळे व्हावे पण टरफल सलग राहावे अशी खबरदारी घ्यावी लागते. पीठ केले तर गाळण तुंबते, आणि दाणे आखे राहिले तर सत्त्व आतच राहते.

या विद्येचा जुना मागोवा घेतला तर आपण इराकच्या भूमीत पोहोचतो. सुमेर देशात निनकासी या मद्यदेवतेचे स्तोत्र इ. स. पूर्व १८०० च्या सुमारास मातीच्या विटेवर लिहिले गेले, आणि १९६४ साली मिगेल सिव्हिल या पंडिताने त्याचे भाषांतर प्रसिद्ध केले. त्यात बिअर गाळण्याचे एक पात्र दुसऱ्या मोठ्या साठवणीच्या पात्रावर ठेवल्याचा उल्लेख आहे. वर गाळणारे पात्र, खाली धरणारे पात्र, ही जोडी वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण ती लेखाच्या शेवटी पुन्हा भेटणार आहे. त्या काळच्या मुद्रांवर माणसे मोठ्या मडक्यात लांब नळ्या घालून पिताना दिसतात. गाळूनही जी टरफले वर तरंगत राहत, ती तोंडात येऊ नयेत म्हणून ही योजना असावी.

उत्तर युरोपात हीच युक्ती निराळ्या साधनांनी केली जाते, आणि तेथे ती अद्यापि जिवंत आहे. फिनलंडमध्ये साहती नावाची घरगुती बिअर करतात. ती गाळण्यासाठी झाडाचे खोड कोरून केलेले एक लांबट पात्र असते. त्याचे नाव कूर्ना. गुरांना पाणी पाजण्याच्या आपल्याकडील डोणीसारखा त्याचा आकार असतो. तळाशी लाकडी पट्ट्या, त्यावर पेंढा आणि जुनिपर झुडपाच्या डहाळ्या अंथरतात, आणि त्यावर लापशी ओततात. डहाळ्या थराला आधार देतात आणि रसाला सुवासही देतात. एका टोकाच्या भोकातून निवळ रस ठिबकतो. नॉर्वेच्या खेड्यांतही जुनिपरच्या डहाळ्यांचा असाच उपयोग करतात. फिनलंडमध्ये १९१९ पासून १९३२ पर्यंत दारूबंदी होती, तरी ही गृहविद्या तेथे नष्ट झाली नाही. पुढे २००२ साली युरोपीय संघाने साहतीला पारंपरिक पदार्थ म्हणून संरक्षण दिले. शेतघरातील एका लाकडी डोणीस मिळालेला हा मान लहान नव्हे.

इंग्लंडमध्ये जुन्या काळी बिअर करणे हे बहुतांशी घरच्या स्त्रियांचे काम असे. पिंपात भरड व गरम पाणी ढवळावयाचे, ते मुरले की तळाच्या भोकातून रस काढून घ्यावयाचा, पुन्हा गरम पाणी ओतून ढवळावयाचे आणि पुन्हा काढावयाचे. पहिल्या पाण्याची बिअर कडक, दुसऱ्याची मध्यम, आणि शेवटच्या पाण्याची अगदी हलकी. ती हलकी बिअर घरातील मुले-माणसे रोज पीत. विल्यम कॉबेट या लेखकाने १८२१-२२ साली गरिबांच्या घरप्रपंचावर एक पुस्तक लिहिले आणि त्यात प्रथम स्थान घरी बिअर करण्यासच दिले. त्याच्या पिंपाच्या तळाला मधोमध एक भोक असे, ते काठीने बंद करीत आणि भोकाभोवती बर्च झाडाच्या बारीक काटक्यांची जुडी बसवीत. रस काटक्यांतून वाहून जाई आणि चोथा मागे राही. मजुरांच्या घरांतून ही विद्या नाहीशी होत आहे, नव्या सुनांना ती येत नाही, म्हणून कॉबेट कळवळला होता. त्याने बराचसा दोष माल्टवरील करास दिला. हा कर इंग्लंडमध्ये १६९७ पासून होता, आणि तो स्कॉटलंडवर प्रत्यक्ष लादला गेला तेव्हा १७२५ साली ग्लासगो शहरात दंगल उसळली होती.

कर जेव्हा माल्टवर असतो, तेव्हा प्रत्येक मापातून जेवढे सत्त्व निघेल तेवढे काढावे अशी बुद्धी होणे साहजिक आहे. या कामी स्कॉटलंडच्या मद्यकारांनी जी रीत रूढ केली, तिला स्पार्जिंग म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ शिंपणे असा आहे. इंग्लंडात पुन्हा पुन्हा पाणी ओतून लापशी ढवळीत. स्कॉटलंडात एकदाच ढवळून थर बसू देत, आणि मग खालून रस निघत असता वरून गरम पाणी हलके हलके शिंपडीत, जणू झारीने रोपांना पाणी घालावे. वरचे पाणी साखरेच्या दाट रसाला खाली ढकलीत जाते. थर न हलल्यामुळे दोहोंची मिसळ फारशी होत नाही, आणि तुसाची गाळणीही मोडत नाही. डब्ल्यू. एच. रॉबर्ट्स याच्या स्कॉटिश बिअरविषयीच्या १८४७ सालच्या ग्रंथात ही रीत वर्णिलेली आहे. पुढे पिंपाच्या मध्यावर भोके पाडलेल्या नळ्या बसवू लागले. पाण्याच्या जोरानेच त्या गरगर फिरत आणि सर्व थरावर सारखी वृष्टी करीत. आजच्या बागेतील फिरत्या फवाऱ्याचे तत्त्व हेच आहे.

परंतु काढता काढता थांबावयाचे कोठे? येथे लोभ नडतो. चहाचा चोथा दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा उकळला तर रंग येतो, पण जीभ तुरट होते, हा अनुभव प्रत्येक गृहिणीस आहे. जवाच्या तुसाचेही तसेच आहे. साखर निघून गेल्यावर पाणी ओतीतच राहिले, किंवा ते सुमारे ७७ अंशांपेक्षा अधिक तापविले, तर तुसातील तुरट द्रव्ये रसात उतरतात. जे तूस मघापर्यंत गाळणी होते, तेच आता पदार्थ बिघडवू लागते. पूर्वी ही मर्यादा जिभेने ओळखीत. १७८४ साली जॉन रिचर्डसन याने रसाची घनता मोजण्याचे उपकरण मद्यकारांच्या हाती दिले, आणि मर्यादेला अंक मिळाला. पाण्याची घनता १ धरली तर बाहेर पडणारा रस १.०१० च्या आसपास उतरला की थांबावे, असा आजचा घरगुती संकेत आहे. उपकरण नवे असले तरी नियम जुनाच आहे : शेवटच्या थेंबाचा हव्यास धरू नये.

जर्मन लोकांनी याच कामाचे दोन भाग केले. ते लापशीचा काही अंश काढून उकळीत आणि पुन्हा मिसळीत. त्यासाठी एक पात्र लापशीचे आणि एक केवळ गाळणीचे, अशी व्यवस्था त्यांनी ठेवली. त्यांच्या भाषेतील 'लाउटर' हा शब्द निवळ करणे, शुद्ध करणे या अर्थाच्या क्रियापदापासून आला आहे. त्यास पिंपवाचक इंग्रजी 'टन' जोडून 'लाउटर टन' हे नाव झाले. त्याच्या खऱ्या तळाच्या किंचित वर दुसरा फटींचा तळ असतो. कारखान्यांतील पात्रांत या फटी सुमारे ०.७ मिलिमीटर रुंद असतात. लापशी ओतल्यावर थोडा वेळ स्वस्थ ठेवतात, म्हणजे तूस खाली बसते. प्रथम जो रस येतो तो गढूळ असतो. तो फेकून न देता हलक्या हाताने पुन्हा थरावर ओततात, आणि रस निवळ येऊ लागला की मगच कढईकडे सोडतात. थर फार घट्ट झाला तर वरून फिरणाऱ्या सुऱ्या त्यात चिरा पाडून वाट मोकळी करतात. इंग्रजी पिंपातील थर हातभराहून पुष्कळ उंच असे. जर्मन पिंपातील थर उथळ व पसरट असतो, म्हणून तो लवकर गळतो.

उथळ थर लवकर का गळावा, याचे उत्तर बिअरच्या नव्हे तर नळाच्या पाण्याच्या शास्त्राने दिले. फ्रान्समधील दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचा अभियंता हेन्री दार्सी याने वाळूच्या थरांतून पाणी कसे झिरपते याचे प्रयोग केले आणि १८५६ साली नियम प्रसिद्ध केला. पाण्याचा दाब व थराचे क्षेत्र वाढले की प्रवाह वाढतो, थराची जाडी वाढली की तो घटतो. वाळूच्या जागी तूस ठेवले की लाउटर टनचे अर्धे गणित सुटते. उरलेले अर्धे अनुभवाचे. नळ एकदम पुरता उघडला तर थर खाली ओढला जाऊन दडपतो, वाटा बुजतात आणि गाळण तुंबते. अशा वेळी जोर करू नये. नळ बंद करावा, खालून थोडे गरम पाणी सोडून थर उचलून घ्यावा आणि धीराने पुन्हा आरंभ करावा.

आता या विद्येच्या वनवासाकडे वळू. १८८० साली ग्लॅडस्टनने ब्रिटनमधील माल्टवरील कर उठवून तो रसावर बसविला. मद्यकारांस ती सवलत वाटली, परंतु त्याच कायद्याने घरी बिअर करणाऱ्यास परवाना घ्यावा लागू लागला. कारखान्यांची बिअर गल्लोगल्ली मिळू लागली होती, शहरांतील खोल्यांत पिंपास जागा नव्हती, सरपण महाग होते. घरगुती पिंप मोडीत निघाले. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. ती उठल्यावर घरी द्राक्षांचे मद्य करण्यास मोकळीक मिळाली, पण बिअर कायद्यातून वगळली गेली. ब्रिटनमध्ये रेजिनाल्ड मॉडलिंग या अर्थमंत्र्याने १९६३ साली घरगुती बिअरचा परवाना रद्द केला. अमेरिकेत अध्यक्ष कार्टर यांनी १४ ऑक्टोबर १९७८ रोजी सही केलेल्या कायद्याने केंद्र सरकारचा कर उठला, आणि दोन प्रौढांच्या कुटुंबास वर्षाला २०० गॅलनांची मुभा मिळाली.

कायद्याने दार उघडले, परंतु दारात शिकविणारी आजी राहिली नव्हती. म्हणून नव्या पिढीने पुस्तकांतून आणि चुकांतून विद्या पुन्हा रचली. चार्ली पपेझियन या शिक्षकाच्या १९८४ सालच्या पुस्तकाने व त्याच्या पुढील आवृत्त्यांनी अमेरिकेत हा छंद घरोघर नेला. त्याने सांगितलेले गाळणपात्र अगदी सोपे होते. प्लास्टिकच्या दोन बादल्या घ्यावयाच्या, एकीच्या तळाला सुमारे ३ मिलिमीटरची शेकडो भोके पाडावयाची, आणि ती दुसरीत बसवावयाची. वर गाळणारे पात्र, खाली धरणारे पात्र! सुमेरच्या विटेवरील जोडी सुमारे ३,८०० वर्षांनंतर पुन्हा अवतरली.

पुढे सहलीला बर्फ नेण्याच्या जाड भिंतींच्या पेटीचा उपयोग सुरू झाला, कारण तिच्यात उष्णता टिकते. तिच्या तळाशी चिरा पाडलेल्या तांब्याच्या नळ्यांची चौकट बसवीत, आणि चिरा खाली तोंड करून ठेवीत. काहींनी पाण्याच्या नळीवरील पोलादी जाळीची वेणीच काढून तळाशी टाकली आणि तेवढ्यावर काम भागविले. धातुशास्त्राचे जाणकार जॉन पामर यांनी दार्सीच्या नियमाच्या आधारे या नळ्यांचा विचार केला. त्यातून असे दिसते की सतत शिंपण करावयाचे असेल तर नळ्या सर्व तळावर सारख्या अंतराने हव्यात. अन्यथा पाणी जवळची वाट धरते आणि कोपऱ्यांतले सत्त्व तसेच राहते. थरही बेताचा हवा, साधारण वीतभर ते हातभर. त्याहून पातळ थर नीट गाळीत नाही आणि फार उंच थर दडपतो. शिंपण करताना पाणी थराच्या वर बोटभर राहील असे बघावे, आणि कामास तासभर द्यावा.

ज्यांना तासभर झारी धरणे नको, त्यांनी इंग्लंडच्या जुन्या गृहिणीचीच रीत उचलली. सर्व रस काढावा, पुन्हा गरम पाणी घालून ढवळावे, पहिला गढूळ रस परत ओतावा आणि पुन्हा सर्व काढावा. येथे पाणी सर्वत्र मिसळलेलेच असल्याने नळ्यांच्या मांडणीला फारसे महत्त्व उरत नाही, म्हणून साधी जाळीची वेणीही पुरते. या शतकाच्या पहिल्या दशकात ऑस्ट्रेलियातील छांदिष्टांनी तर पिंपच टाकून दिले. मोठ्या पातेल्यात फडक्याची पिशवी, तीत भरड, आणि वेळ झाली की पिशवी उचलून निथळावयाची. रस थोडा गढूळ येतो, पण काम होते. म्हणजे शेवटी स्वारी आपल्या आजीच्या चिकाच्या फडक्यापाशीच आली!

एक गोष्ट आपल्या मुलखाशी जवळची आहे. गव्हाला जवासारखे तूस नसते. गव्हाचे माल्ट अधिक घातले की गाळण तुंबते. तेव्हा तिकडील लोक त्यात मूठ-दोन मूठ भाताचे तूस मिसळतात. त्याने रसाची चव बदलत नाही, केवळ वाटा मोकळ्या राहतात. कोकणात भाताच्या गिरणीमागे ज्या तुसाचे ढीग पडतात, ते परदेशी छांदिष्ट पिशव्यांतून विकत घेतात.

आता त्या वडीलधाऱ्या सभासदांच्या आक्षेपाकडे पुन्हा येतो. आपल्या वडिलांनी मुलांना मडक्यापासून दूर नेले ते योग्यच केले, आणि त्यांच्या कष्टांमुळेच आज आपण हे लिहू-वाचू शकतो. परंतु धंदा सोडणे वेगळे आणि त्यातील जाण विसरणे वेगळे. माडावर चढणाऱ्याला कोणत्या दिवसात रस अधिक येतो हे कळत असे, मडके कसे धुवावे हे घरच्या बायांना कळत असे. त्यांनी ते कोठे लिहिले नाही, आणि आपण लाजेने विचारले नाही. सत्त्व घेताना चोथा टाकावा लागतो हे खरे, पण ज्याला आपण चोथा म्हणून टाकले त्याच्याच थरातून गाळून आपल्यापर्यंत काही निवळ आले आहे, हे विसरू नये.

इंग्लंडच्या नातवंडांना आजीची विद्या बादलीला भोके पाडून पुन्हा शोधावी लागली. फिनलंडच्या नातवंडांना ती डोणीसकट हाती मिळाली. दोहोंत फरक एवढाच की फिनलंडच्या घरांत कोणीतरी विचारीत राहिले आणि कोणीतरी सांगत राहिले. आपल्या ज्ञातीतील प्रत्येक कुटुंबाने येत्या वर्षात आपल्या घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीजवळ बसून एका जुन्या कसबाची हकीकत, मग ते माडीचे असो, काथ्याचे असो वा नाचणीच्या सत्त्वाचे असो, लिहून घ्यावी आणि पुढील स्मरणिकेकडे धाडावी, अशी नम्र विनंती करून हा लेख पुरा करतो.